फिल्टर भरला, तेल नाही : गाळ धरलेल्या एका इंजिनाची सफाई

गाडी २०१३ सालची, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. मीटरवर ६८,४०० किलोमीटर. मालकाचं चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान, घर जुळे सोलापुरात. सकाळी जाणं, रात्री येणं, मधे बँकेची एखादी फेरी. दिवसाचे अकरा-बारा किलोमीटर, वर्षाचे जेमतेम चार हजार. शेवटचं ऑइल बदललं त्याला अडीच वर्षं झालेली. गाडीच्या पुस्तकात १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं छापलेलं आहे. त्यातला पहिला अर्धा भाग मालकाच्या लक्षात राहिला, दुसरा नाही. कमी फिरणाऱ्या गाड्यांमध्ये गाळ होतो तो बहुतेक असाच.

मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला एसी चालू असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. जरा रेस केली की विझायचा. सकाळी स्टार्ट केल्यावर तीन-चार सेकंद वरून खडखड यायची. तेल मोजायची पट्टी काढून पाहिली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. एका गॅरेजात ६०० मिली २०डब्ल्यू-५० हे जाड तेल वरून घातलं, दिवा चार दिवस गप्प राहिला आणि पुन्हा लागला. मग दुसरा सल्ला मिळाला: जुन्या तेलात अर्धा लिटर डिझेल ओता, पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवा, सगळं काढून टाका, नवं सिंथेटिक घाला, काम झालं.

हा सल्ला ऐकला असता तर इंजिन बसलं असतं, अशी शक्यता बरीच होती. बहुतेक गाड्यांत ऑइलचा दिवा लागतो तो दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेल्यावर. म्हणजे दिवा लुकलुकतोय तेव्हा बेअरिंगपर्यंत तेल कसंबसं पोचतंय. अशा वेळी पातळ डिझेल घातलं की दोन गोष्टी एकदम होतात. तेल आणखी पातळ होऊन दाब पडतो, आणि भिंतींना चिकटलेला गाळ विरघळण्याऐवजी पापुद्रे सुटून खाली येतो. खाली ऑइल पंपाची जाळी असते. ती आधीच अर्धी बंद असेल तर उरलेली अर्धी त्या पंधरा मिनिटांत बंद होते. दिवा लागत असलेल्या गाडीत कुठलाही फ्लश, म्हणजे आतून धुणारं पातळ द्रव, नाही. डिझेल नाही, बाजारातला बाटलीतला नाही, आणि ‘सिंथेटिक घालून बघू’ हेही नाही. आधी दाब मोजायचा.

गेज लावल्यावर

ऑइल प्रेशरचा स्विच काढून त्याच्या जागी गेज बसवला. इंजिन पूर्ण तापवून, न्यूट्रलला, ७५० आरपीएमला ०.५ बार. ३,००० आरपीएमला १.९. चांगल्या इंजिनात गरम असताना न्यूट्रलला एक बारच्या आसपास आणि ३,००० ला तीन बारच्या पुढे दाब असायला हवा. नेमका आकडा त्या-त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. दोन्ही ठिकाणी दाब कमी म्हणजे एक तर जाळी तुंबली आहे, नाहीतर पंप किंवा बेअरिंग झिजलं आहे. यातलं पहिलं स्वस्तात तपासता येतं: चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेल साठवणारं भांडं, उतरवायचा.

चेंबर खाली आला तेव्हा तळाशी बोटभर काळं लोणी होतं. जाळीचा निम्म्याहून जास्त भाग झाकलेला. वरचा थर मऊ, त्याखाली कोळशाच्या चुऱ्यासारखे कडक कण, आणि त्यांच्यात अडकलेले राखाडी रबरासारखे चार-पाच तुकडे. ते तुकडे आधी कधीतरी चेंबर बसवताना लावलेल्या सिलिकॉनचे. सिलिकॉन जास्त लावलं की बोल्ट आवळताना ते बाहेर येतं तसंच आतही येतं. बाहेरचं पुसलं जातं, आतलं वर्षा-दोन वर्षांनी तुटून जाळीवर जाऊन बसतं. म्हणून परत बसवताना तीन मिलिमीटरची एकच अखंड रेघ, बोल्टांच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने. एम६ बोल्टांना १० ते ११ न्यूटन मीटर पुरतात. ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ जाऊ द्यायचा आणि मगच तेल ओतायचं. या कामात सगळ्यांत जास्त चुकतं ते इथेच, कारण संध्याकाळी गाडी द्यायची घाई असते.

टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं तर कॅमशाफ्टच्या (वॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटरचा थर. हा हाताने काढायचा. आधी तेल खाली उतरण्याची भोकं कापडाचे बोळे घालून बंद करायची, मग प्लास्टिकच्या पट्टीने थर खरवडून चमच्याने किंवा व्हॅक्यूमने उचलायचा. इथे एक सोलापुरी सावधगिरी: या गावात कॉटन वेस्टला तोटा नाही आणि प्रत्येक गॅरेजात त्याची गोणी असतेच. इंजिनाच्या आत ते वापरू नये. त्याचे धागे सुटतात आणि सरळ जाळीवर जातात. धागा न सोडणारं जुनं, घट्ट विणीचं कापड घ्यावं. कडक चिकटलेला थर खणत बसायचं नाही. जो सहज सुटतो तेवढाच काढायचा. तासाभरात अर्धी वाटी गाळ निघाला. तेवढा गाळ तेलाने धुऊन काढायचा म्हटला असता तर तो सगळा जाळी आणि फिल्टर या दोन वाटांनीच गेला असता.

टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) आणि तिला ताण देणारा टेन्शनर ठीक होता. सकाळची खडखड टेन्शनरपर्यंत तेल उशिरा पोचत असल्यामुळे होती.

गाळ झाला कशाने

हा प्रश्न न सोडवता तेल बदलत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. स्कॅनर लावून गाडी होटगी रोडवर पंचवीस मिनिटं चालवली. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि कूलंटचं तापमान ६४ ते ६८ अंश. या इंजिनाला ते ९० च्या जवळपास हवं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप. त्याची टोपी उघडली, आत थर्मोस्टॅटच नव्हता. कधीतरी गाडी तापली म्हणून काढून टाकलेला.

सोलापूरच्या उन्हात हा उपाय अनेकांना शहाणपणाचा वाटतो. तो उलटा आहे. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरते. तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोल आणि आम्लं. तेल नीट गरम झालं तर हे सगळं उडून पीसीव्ही वॉल्वमधून (आतली वाफ ओढून घेणारी झडप) पुन्हा इंजिनात ओढलं जातं आणि जळतं. तेल कोमट राहिलं तर तिथेच साठतं. त्यात पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या. कूलंट तापायला चार-पाच मिनिटं लागतात, तेलाला त्याहून बराच जास्त वेळ. दुकान आलं तरी तेल तापलेलंच नसतं. बाहेर ४२ अंश आहेत म्हणून इंजिनाच्या आत ९० होत नाहीत.

थर्मोस्टॅट काढायची वेळ का आली, तेही रेडिएटरमध्ये दिसलं. आत गंजाचं लाल पाणी आणि पांढरा क्षार. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी जातं. बोअरच्या क्षाराने आणि गंजाने थर्मोस्टॅट अडकला, गाडी तापली, थर्मोस्टॅट काढला गेला, तेल थंड राहिलं, गाळ झाला. अशी ही साखळी. पीसीव्ही वॉल्व काढून कानाशी हलवला, आतला काटा खुळखुळला नाही. तोही तुंबलेला, त्याची नळी कडक होऊन तडकलेली.

म्हणून तेलाआधी हे बदललं: त्या इंजिनाला ठरलेल्या अंशांचा नवा थर्मोस्टॅट, पीसीव्ही वॉल्व आणि नळी, टॅपेट कव्हरचं पॅकिंग. रेडिएटर बाहेर पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुतला आणि तयार मिसळलेला कूलंट भरला. नंतरच्या फेरीत तापमान ८८ ते ९२ वर स्थिर. रेडिएटरचा पंखा चालू-बंद होतो की नाही ते त्याच वेळी पाहून घेतलं. थर्मोस्टॅट परत बसवल्यावर गाडी पुन्हा तापायला लागली तर दोष पंख्यात, रेडिएटरमध्ये किंवा हेड गॅसकेटमध्ये (सिलिंडरच्या वरच्या जोडातलं पॅकिंग) शोधावा. थर्मोस्टॅट पुन्हा काढू नये.

कोणतं तेल

५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक, एपीआय (तेलाचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था) एसपी दर्जाचं, फिल्टरसह ३.१ लिटर. सिंथेटिक आहे म्हणून ते साफ करतं, हा गैरसमज. साफ करतं ते त्यातलं डिटर्जंट आणि डिस्पर्संट: पहिलं आम्ल मारतं आणि पृष्ठभाग धुतं, दुसरं सुटलेली काजळी बारीक तरंगती ठेवतं. सिंथेटिकचा खरा फायदा असा की ते स्वतः लवकर जळून नवा गाळ करत नाही आणि सकाळी वरपर्यंत पटकन पोचतं. २०२० साली आलेल्या एसपी दर्जाच्या चाचण्यांमध्ये गाळाची चाचणी आहे, म्हणून डब्यावर एसपी आहे की नाही एवढं बघणं ब्रँडच्या वादापेक्षा उपयोगी.

दाब वाढवायला २०डब्ल्यू-५० घालणं म्हणजे दिवा झाकणं. जाड तेल तुंबलेल्या जाळीतून आणखी सावकाश ओढलं जातं. ट्रकचं तेल घालून ‘धुण्याचा’ प्रयोगही काही जण करतात, कारण त्यात डिटर्जंट जास्त असतं. डिझेल तेलांमध्ये फॉस्फरसही सहसा जास्त असतो आणि तो जळून धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो. पेट्रोल गाडीला ते नको.

जाळी आणि पंपाला हात लागलेला असल्यामुळे नवा फिल्टर तेलाने भरून बसवला, इंधन पंपाचा फ्यूज काढला आणि पाच-पाच सेकंद स्टार्टर मारला. गेजवर दाब दिसल्यावरच फ्यूज परत. गरम झाल्यावर न्यूट्रलला १.२ बार, ३,००० ला ३.४. जाळी साफ करूनही दाब आला नसता तर पुढचं वेळापत्रक व्यर्थ होतं. झिजलेलं बेअरिंग कुठलंही तेल भरून काढत नाही.

किती किलोमीटरला काय बदललं

हाताने न निघालेला गाळ नवं तेल हळूहळू सोडवतं. या सफाईच्या काळात लवकर लवकर बदल करायचे ते तेल खराब होतं म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. चांगलं सिंथेटिक हजार किलोमीटरमध्ये संपत नाही. आधी भरतो तो फिल्टर. तो पूर्ण भरला की त्यातला बायपास वॉल्व उघडतो आणि गाळलेलं नसलेलं तेल सरळ बेअरिंगकडे जातं. इंजिन तेलाविना राहू नये म्हणून केलेली ही सोय सफाईच्या काळात घातक ठरते, कारण सुटलेले कण नेमके तेव्हाच फिरत असतात. त्यामुळे फिल्टर तेलापेक्षा जास्त वेळा बदलायचा.

या गाडीला ठरवलं ते असं. पहिलं तेल १,००० किलोमीटर, पण ३०० ला फक्त फिल्टर बदलायचा आणि २०० मिलीच्या आसपास तेल वरून घालायचं. दुसरं तेल २,००० किलोमीटर, मधे १,००० ला फिल्टर. तिसरं ३,०००, मधे १,५०० ला फिल्टर. त्यानंतर कायम ५,००० किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

किलोमीटरचा आकडा मात्र एकटा फसवा आहे. तेल साफसफाई करतं ती गरम असताना. गावात ताशी सरासरी १६ किलोमीटर धरली तर १,००० किलोमीटर म्हणजे ६२ तास, पण त्यातले तेल पुरतं गरम असलेले तास थोडेच. हायवेवर ताशी ६० ने तेच १,००० म्हणजे १७ तास, पण जवळपास सगळे गरम. म्हणून मालकाला एक अट घातली: आठवड्यातून एकदा अक्कलकोट, जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर, आरपीएम २,५०० च्या आसपास, फार ताणायचं नाही. स्वामींचं दर्शन आणि इंजिनाची सफाई, दोन्ही एकाच पेट्रोलमध्ये. आठवड्याचे १४५ किलोमीटर व्हायला लागले. पहिले ३०० दोन आठवड्यांत झाले, १,००० सात आठवड्यांत.

फिल्टर कापून पाहिला

३०० किलोमीटरला काढलेला फिल्टर बारा तास उलटा निथळू दिला आणि कापला. करवतीने कापू नये. लोखंडाचा भुसा कागदावर पडतो आणि मग बेअरिंगचे कण कुठले, करवतीचे कुठले ते कळत नाही. पाइप कापायच्या कटरने वरची कड कापता येते. आतला घड्यांचा कागद सुरीने कापून वर्तमानपत्रावर पसरला.

घड्यांच्या तळाशी काळ्या मिरीच्या भरडीसारखे कण दाबून बसले होते, पाचपैकी तीन घड्यांमध्ये तेल जायला जागा नव्हती. त्याच वेळी पट्टीवरचं तेल मात्र अजून चहाच्या रंगाचं. तेल बघून ठरवलं असतं तर फिल्टर तसाच राहिला असता. कण चिमटीत घेऊन चुरडले: चुरडून बोट काळं झालं तर ते कार्बन. जे चुरडत नाहीत आणि उन्हात चमकतात ते धातू. चुंबकाला चिकटले तर लोखंड, न चिकटणारे चमकदार पापुद्रे असतील तर बेअरिंग किंवा पिस्टनचा संशय. इथे सगळे चुरडले गेले.

१,००० ला तेल पूर्ण काळं निघालं. त्याचा एक थेंब जाड टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवला. मधला काळा ठिपका बाहेरच्या बाजूला करडा होत पसरला होता, म्हणजे डिस्पर्संट शिल्लक होतं. ठिपका मध्ये घट्ट काळा राहून भोवती नुसतं पिवळं तेल पसरलं असतं, तर पुढचा टप्पा आखूड करावा लागला असता.

मधेच दाब पडला

दुसऱ्या तेलात १,००० किलोमीटरला फिल्टर बदलायचा राहिला. तेल अजून बरं दिसतंय, बदलताना एकदमच बदलू, असा विचार. एकूण २,४०० किलोमीटर झाले तेव्हा सकाळची खडखड परत आली. गेज लावला: गरम असताना न्यूट्रलला ०.८ बार. तेल काढलं नाही, फक्त फिल्टर बदलला आणि दाब १.१ वर आला. फिल्टर बदलून दाब आला नसता तर जाळी पुन्हा तुंबली असं धरून चेंबर परत उतरवावा लागला असता. कापलेला फिल्टर पहिल्याइतकाच भरलेला. सैल गाळ हाताने काढला होता. आता सुटत होता तो आतल्या वाटांमधला, आणि तो दुसऱ्या टप्प्यातच जास्त येतो.

तिसऱ्या तेलात, १,५०० किलोमीटरला काढलेला फिल्टर निम्म्याहून कमी भरला होता, कणांऐवजी नुसता काळा मऊ लेप. ३,००० ला निघालेलं तेल काळं होतं, पण बोटांत चोळल्यावर कचकच नव्हती आणि पेट्रोलचा वास नव्हता. पुढचा टप्पा वाढवायचा की नाही हे तेलाच्या रंगावर ठरवायचं नाही. चांगलं डिटर्जंट तेल काळं होणारच. काळ्या रंगाने घाबरून जे दर हजारला तेल बदलत राहतात ते फक्त तेल विकणाऱ्याचं भलं करतात.

६,००० किलोमीटरांत तीन वेळा तेल, सहा फिल्टर. मधली भर धरून ११ लिटरच्या आसपास. सुरुवातीला दर १,००० ला ३०० मिली तेल कमी होत होतं, शेवटी १५० च्या आसपास आलं. तेल खाली आणणाऱ्या रिंगा थोड्या मोकळ्या झाल्या असाव्यात. पट्टी दर ३०० किलोमीटरला सकाळी, सपाटीवर पाहायची सवय मात्र कायम. निघालेलं जुनं तेल गटारात किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना जाऊ नये. डब्यात भरून जुनं तेल अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्यावं.

हेच वेळापत्रक सगळ्यांना नाही. तेल भरायच्या टोपीखाली काळ्याऐवजी दुधट, कॉफीसारखा फेस असेल आणि कूलंट कमी होत असेल तर तो गाळ नसून पाणी शिरतंय. आधी हेड गॅसकेट. टर्बो असेल तर टर्बोला तेल नेणारी बारीक नळी आणि तिच्या बोल्टमधली जाळी आधी काढून पाहायची. चेंबर न उतरवता सफाई करायची वेळ आली, दिवा लागत नसला आणि दाब चांगला असला, तर पहिला फिल्टर ३०० ऐवजी १५० ला.

फेब्रुवारीच्या शेवटी चौथं तेल आणि सातवा फिल्टर घातला तेव्हा टोपी उघडून टॉर्चने पाहिलं. कॅमच्या कडा धातूच्या रंगाच्या दिसत होत्या. हेडच्या एका कोपऱ्यात चॉकलेटी कडक थर अजून आहे. तो वार्निशसारखा बसलेला, सुटत नाही आणि कुणाच्या वाटेतही येत नाही. तो तसाच ठेवला. गरम असताना न्यूट्रलला दाब १.२ बार. पुढचं तेल ऑगस्टमध्ये, तोवर ५,००० झाले नाहीत तरी.